विजेच्या पेटीची बाराखडी

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, पाण्याच्या पंपाशेजारीं एक लोखंडी पेटी भिंतीला जडलेली असते. हिरवें बटण दाबलें कीं पंप सुरू होतो आणि तांबडें दाबलें कीं बंद पडतो, यापलीकडे तिच्याशीं आपला संबंध क्वचितच येतो. एकाद्या दिवशीं मात्र सकाळीं नळाला पाणी नसतें, वायरमनला बोलावणें जातें, तो पेटीचें झांकण उघडतो आणि आपण त्याच्या खांद्यावरून आंत डोकावतों. आंत तारांचा गुंता दिसतो. प्रत्येक तारेचें टोंक एकेका स्क्रूखालीं दाबलेलें असतें, आणि स्क्रूशेजारीं बारीक ठशांत कांहीं अक्षरें व आंकडे असतात: एल१, टी१, ए१, ए२, १३, १४, ९५, ९६. झांकणाच्या आंतल्या बाजूस एक पिवळा पडलेला कागद चिकटविलेला असतो. त्यावर रेघांचें एक जाळें आणि पुन्हा तींच अक्षरें. वायरमन एकदां कागदाकडे पाहतो, एकदां स्क्रूंकडे पाहतो, हातांतल्या मीटरची दोन टोंकें इकडेतिकडे टेकवितो आणि म्हणतो, "साहेब, ओव्हरलोडनें तोडलें आहे."

हें त्याला कशावरून कळलें? त्या अक्षरांवरून. तीं कोणीं ठरविलीं, केव्हां ठरविलीं, आणि जगांत सर्वत्र सारखीं कां नाहींत, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. त्या चिमुकल्या अक्षराचा अर्थ चुकीचा लागला तर हजारों रुपयांची मोटर क्षणांत जळते, आणि प्रसंगीं माणूसहि दगावतो.

ज्या स्क्रूशीं बाहेरची तार आंतल्या यंत्राला भेटते त्याला टर्मिनल म्हणतात. टर्मिनल हा यंत्राचा उंबरठा. उंबरठ्याच्या आंत काय आहे हें यंत्र घडविणाऱ्याला ठाऊक, आणि बाहेर काय आहे हें तें बसविणाऱ्याला ठाऊक. हे दोघे एकमेकांना बहुधा कधीं भेटत नाहींत. एक स्टुटगार्टला असेल, दुसरा सांगलीला. त्या दोन अनोळखी माणसांमधील सारें संभाषण त्या उंबरठ्यावरच्या एका अक्षरांत सामावलेलें असतें. म्हणून तें अक्षर म्हणजे वस्तूचें वर्णन नसून एक करार आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

विजेचा व्यवहार तारायंत्रापुरता होता तोंवर या कराराचें ओझें हलकें होतें. एक स्क्रू बाहेरच्या तारेचा, दुसरा जमिनीचा, तिसरा बॅटरीचा. एवढ्याशा कुटुंबांत नांवांची अडचण काय पडणार? अडचण उत्पन्न केली ती ट्रामनें. अमेरिकेंतील रिचमंड शहरांत फ्रँक स्प्रेग या अभियंत्यानें १८८८ सालीं विजेच्या ट्रामगाड्या यशस्वी रीतीनें चालवून दाखविल्या, आणि त्यानंतर कांहीं वर्षांतच चालकासमोरची ती उभी पेटी जगभर दिसूं लागली. तिला कंट्रोलर हेंच नांव पडलें. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं सुरू झाली आणि १९६४ सालीं बंद झाली. चालकाच्या मुठींतला तो फिरता दांडा ज्यांनीं लहानपणीं टक लावून पाहिला असेल, असे वृद्ध श्रोते अजून आहेत. त्या दांड्याखालीं एक उभा रूळ फिरत असे, त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या ओळीनें उभ्या असलेल्या धातूच्या बोटांना स्पर्श करीत, आणि प्रत्येक बोटापासून एक जाड तार गाडीच्या पोटांत जात असे. या बोटांना नांवें देणें भाग पडलें. तीं इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून दिलीं गेलीं: वरच्या तारेला लागणाऱ्या ट्रॉलीचा टी, रेझिस्टन्सचा आर, मोटरच्या फिरत्या भागाचा, म्हणजे आर्मेचरचा ए, आणि चुंबकाच्या गुंडाळीचा, म्हणजे फील्डचा एफ. ज्याला इंग्रजी येत होतें त्याला हीं अक्षरें अर्थपूर्ण होतीं. ज्याला येत नव्हतें त्याला त्या नुसत्या खुणा होत्या. आणि गंमत अशी कीं, खूण म्हणून त्या त्यालाहि पुरत असत.

पुढचें पाऊलहि स्प्रेगचेंच. १८९७ सालीं शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठीं त्यानें अशी योजना केली कीं, गाडीच्या प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी असाव्या आणि त्या सर्वांवर पहिल्या डब्यांतील एकाच चालकाची हुकमत चालावी. त्याकरितां बारीक तारांचा एक जुडगा सबंध गाडीभर डब्यामागून डब्यांत नेला. आतां पाहा, पहिल्या डब्यांत जी तार 'पुढें चल' असें सांगते, तीच तार पांचव्या डब्यांतहि तेंच सांगत असली पाहिजे. शिवाय डबा तोंड फिरवून जोडला तर त्याचें पुढें तें गाडीचें मागें होतें. यासाठीं पुढच्या व मागच्या दिशेच्या तारांची अदलाबदल जोडणींतच करून ठेवावी लागली. नांव एका यंत्रापुरतें न राहतां सर्व डब्यांना सारखेंच बंधनकारक झालें, हें येथलें विशेष. १९२५ सालच्या फेब्रुवारीच्या तीन तारखेस बोरीबंदर ते कुर्ला ही आपल्या देशांतली पहिली विजेची आगगाडी धांवली, तीहि याच कल्पनेची वंशज.

पण एका रेल्वेच्या डब्यांत एकवाक्यता आणणें निराळें आणि साऱ्या जगाच्या कारखान्यांत आणणें निराळें. प्रत्येक औद्योगिक राष्ट्रानें आपापली बाराखडी रचली, आणि ती आपल्या यंत्रांबरोबर दूरदेशीं पाठविली.

जर्मनांनीं वर्णमालेच्या शेवटाकडून आरंभ केला. येणाऱ्या विजेच्या तीन तारा आर, एस, टी. मोटरच्या तीन गुंडाळ्यांचे आरंभ यू, व्ही, डब्ल्यू. आणि त्यांचे शेवट अनुक्रमें एक्स, वाय, झेड. या रचनेंत एक चातुर्य आहे. मोटरच्या टर्मिनल-पेटींत खालच्या ओळींत यू, व्ही, डब्ल्यू असे स्क्रू असतात, पण त्यांच्या माथ्यावर एक्स, वाय, झेड नसून झेड, एक्स, वाय असा एक घर सरकलेला क्रम असतो. पाहणाऱ्याला वाटतें, कारागिराची चूक झाली. वस्तुतः पितळेच्या तीन पट्ट्या उभ्या लावल्या कीं प्रत्येक गुंडाळीचा शेवट दुसरीच्या आरंभाला जाऊन मिळतो आणि 'डेल्टा' नांवाची त्रिकोणी जोडणी आपोआप होते. त्याच पट्ट्या वरच्या ओळींत आडव्या लावल्या कीं तिन्ही शेवट एकत्र येऊन 'स्टार' जोडणी होते. एक तारहि ओलांडून न्यावी लागत नाहीं. आज यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि यू२, व्ही२, डब्ल्यू२ अशीं नवीं नांवें आलीं आहेत, परंतु तें सरकलेलें घर तसेंच ठेविलेलें आहे.

इंग्रजांनीं वर्णमालेच्या आरंभाची वाट धरली. त्यांच्या तीन गुंडाळ्या ए, बी, सी. आरंभ व शेवट यांना १ व २. हीच रीत आपल्या देशांत आली, आणि महाराष्ट्रांतल्या विहिरीवरील जुन्या पंपांच्या स्टार्टरांवर ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ हीं अक्षरें अजून भेटतात. अमेरिकनांनीं अक्षरांचा नाद सोडून आंकडे घेतले: येणाऱ्या तारा एल१, एल२, एल३ आणि मोटरच्या तारा टी१ पासून टी९ पर्यंत. एक, चार, सात हे एकाच घरचे. दोन, पांच, आठ दुसऱ्या घरचे. तीन, सहा, नऊ तिसऱ्या घरचे.

आतां या तीन बाराखड्या एकाच कारखान्यांत नांदूं लागल्या तर काय होतें? 'आर' म्हटल्यावर जर्मन रीतीच्या माणसाला पहिली तार आठवते. आपल्याकडच्या वायरमनला तांबडा रंग आठवतो, कारण तांबडी, पिवळी, निळी या इंग्रजी रीतीवरून आपण तारांना आर, वाय, बी म्हणतों. येथवर निभावतें, कारण दोन्ही पहिल्याच तारा. पण 'वाय' म्हणजे आपली दुसरी, पिवळी, सजीव तार. आणि जर्मन मोटरवरील 'वाय' म्हणजे दुसऱ्या गुंडाळीचा शेवट. अक्षर एक, घरें दोन.

याहून भयंकर उदाहरण एकदिश प्रवाहाच्या, म्हणजे डीसी मोटरांचें आहे. अशा मोटरींत चुंबकाच्या गुंडाळ्या दोन प्रकारच्या असूं शकतात. एक शंट, ती बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांची, आणि पुरवठ्याचा पूर्ण दाब सोसणारी. दुसरी सीरीज, ती जाड तारेच्या थोड्याशा वेढ्यांची, जिचा विरोध जवळजवळ नाहींच. जुन्या जर्मन रीतीनें आर्मेचर ए-बी, शंट सी-डी आणि सीरीज ई-एफ. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आंतरराष्ट्रीय रीत ठरली तेव्हां सीरीजला डी१-डी२ आणि शंटला ई१-ई२ हीं नांवें मिळालीं. म्हणजे जें 'डी' काल शंटचें टोंक होतें तें आज सीरीजचें झालें, आणि कालचा सीरीजचा 'ई' आज शंटचा झाला. नवें पुस्तक वाचून आलेला तरुण जुन्या मोटरीपुढें बसला, 'ई' पाहून ही शंट असें समजला, आणि त्यानें सीरीजच्या गुंडाळीवर पूर्ण दाब सोडला, तर तो विजेचे दोन ध्रुव जवळजवळ थेट एकमेकांना जोडीत असतो. त्याचें पुस्तक बरोबर असतें, मोटरहि बरोबर असते. दोघांमधला करार तेवढा बदललेला असतो.

अशा वेळीं अक्षराच्या अर्थापेक्षां त्याचा पेहराव अधिक बोलका ठरतो. जुन्या जर्मन यंत्रावर अक्षर एकटें असतें, पाठीशीं आंकडा नसतो. जुन्या इंग्रजी डीसी यंत्रावर अक्षराची जोडी असते: आर्मेचर ए आणि एए, शंट झेड आणि झेडझेड, सीरीज वाय आणि वायवाय, आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या जोड्यांवरच शिकल्या. अक्षरामागें १ व २ दिसले तर बहुधा नवा करार समजावा. 'बहुधा' म्हणण्याचें कारण, ए१ हें नांव आर्मेचरला आहे, इंग्रजी रीतीच्या मोटरीच्या पहिल्या गुंडाळीला आहे, आणि आपल्या पंपाच्या पेटींतील काँटॅक्टरच्या कॉईललाहि आहे. पागोट्यावरून पेठ ओळखावी, पण घरधन्याचें नांव विचारल्यावांचून आंत पाऊल टाकूं नये.

हा गोंधळ मिटविण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९०४ सालीं सेंट लुईस येथें भरलेल्या विद्युत्-परिषदेंत, परिभाषा व मापें यांच्या एकसूत्रीकरणासाठीं राष्ट्राराष्ट्रांच्या तज्ज्ञांची संस्था असावी असें ठरलें, आणि १९०६ सालीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन. आपल्या देशांत भारतीय मानक संस्था १९४७ सालीं अस्तित्वांत आली. आज तिचें काम भारतीय मानक ब्यूरो करतें. परंतु काँटॅक्टरवर आपण पाहतों त्या आंकड्यांचें व्याकरण प्रसिद्ध झालें तें बऱ्याच उशिरां, १९७६ सालीं, युरोपच्या एका सामायिक मानकांतून.

तें व्याकरण इतकें सुबोध आहे कीं घरबसल्या शिकतां यावें. मोटरला वीज नेणाऱ्या मुख्य वाटांना एकच आंकडा: १, ३, ५ या विषम घरांतून वीज आंत येते, आणि २, ४, ६ या सम घरांतून बाहेर जाते. आज्ञा पोंचविणाऱ्या बारीक वाटांना दोन आंकडे: पहिला आंकडा अनुक्रम सांगतो, दुसरा स्वभाव सांगतो. शेवटीं १-२ असतील तर ती वाट एरव्हीं जोडलेली असते आणि हुकूम मिळतांच तुटते. ३-४ असतील तर एरव्हीं तुटलेली असते आणि हुकूम मिळतांच जुळते. वायरमन पहिलीला एनसी व दुसरीला एनओ म्हणतात. म्हणून १३-१४ ही पहिली, एनओ. २१-२२ ही दुसरी, एनसी. आरंभीं ९ असेल तर ती वाट ओव्हरलोड रिलेची, हें राखून ठेविलेलें आहे: ९५-९६ एनसी, ९७-९८ एनओ. ज्या कॉईलच्या चुंबकत्वानें हें सारें घडतें तिचीं दोन टोंकें ए१ आणि ए२.

एवढें समजल्यावर झांकणाच्या आंतला कागद वाचतां येतो. वीज प्रथम ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून येते. तेथून तांबड्या बटणाच्या २१-२२ मधून जाते. मग हिरव्या बटणाच्या १३-१४ पाशीं थबकते. आपण हिरवें बटण दाबतों, ती वाट जुळते, वीज कॉईलच्या ए१ मधून ए२ कडे जाते, काँटॅक्टर खट्‌कन मिटतो आणि पंप सुरू होतो. बोट उचललें तरी पंप चालू राहतो, कारण काँटॅक्टरची स्वतःची १३-१४ ही वाट आतां जुळलेली असते आणि ती हिरव्या बटणाला समांतर जोडलेली असते. यंत्र आपला हात आपणच धरून ठेवतें. मोटरवर फाजील भार पडला कीं ९५-९६ तुटते आणि सारी सांखळी गळून पडते. सकाळीं वायरमननें पाहिलें तें हेंच. मुख्य पुरवठा बंद करून त्यानें मीटरची टोंकें ९५ व ९६ वर टेकविलीं, आणि जेथें वाट जुळलेली असावयास हवी तेथें ती तुटलेली सांपडली.

येथें एक शंका येईल. बटणावरहि १३-१४ आणि काँटॅक्टरवरहि १३-१४, हें कसें? चाळीचें उदाहरण घ्या. तेरा नंबरची खोली प्रत्येक चाळींत असते. पत्रावर चाळीचें नांव असेल तरच पत्र पोंचतें. म्हणून नकाशावर प्रथम यंत्राचें नांव आणि मग टर्मिनलाचा आंकडा. पण चाळींचीं नांवेंहि बदलतात! जुन्या जर्मन नकाशांत काँटॅक्टरला लहान लिपींतला 'सी' होता. १९७० नंतरच्या काळांत तो मोठा 'के' झाला. आणि एकविसाव्या शतकांतल्या नव्या आंतरराष्ट्रीय रीतीनें मोटर चालविणारा काँटॅक्टर 'क्यू' झाला. तीन नांवांखालीं तेंच यंत्र तसेंच खट्‌कन मिटत राहिलें.

इतक्यांत पेटीच्या आंतच क्रांति झाली. मोटारगाड्यांच्या कारखान्यांत शेंकडों रिलेंच्या भिंती उभ्या असत. गाडीचा नमुना बदलला कीं तारांची सारी जुळणी उकलून पुन्हा करावी लागे. १९६८ सालीं जनरल मोटर्सनें यावर उपाय मागितला, आणि डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घडविलेला 'मॉडिकॉन ०८४' हा नियंत्रक १९६९ सालीं तेथें दाखल झाला. आज त्याच्या वंशाला पीएलसी म्हणतात. आंत रिलेंच्या जागीं गणकयंत्र आलें. पण तें वापरण्याची भाषा मुद्दाम जुनीच ठेवली, कारखान्याच्या विद्युत्कारागिरांना शिडीसारखा दिसणारा जो नकाशा पाठ होता तोच. यंत्र नवें आणि लिपी जुनी, हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो; नव्यानें जुन्याला बेकार न करतां त्याच्याच भाषेंत बोलावयाचें ठरविलें.

मात्र अक्षराचा स्वभाव येथें बदलला. काँटॅक्टरवरील १३-१४ स्वतःच आपला गुण सांगतात. पीएलसीवरील 'एक्स०' एवढेंच सांगतो कीं ही आंत येणारी पहिली वाट, तिचा अर्थ आंतल्या कार्यक्रमांत लिहिलेला आहे. त्यांत पुन्हा बाराखड्यांचें वैचित्र्य. जपानी घराण्याच्या कित्येक नियंत्रकांवर एक्स७ नंतर एक्स१० येतो. एक्स८ व एक्स९ नसतातच, कारण तेथें मोजणी आठांची आहे. जर्मन घराण्यांत आंतल्या वाटेला त्यांच्या भाषेंतल्या आद्याक्षरावरून 'ई' आणि बाहेरच्या वाटेला 'ए' म्हणत. इंग्रजीच्या सोयीसाठीं त्यांचे 'आय' व 'क्यू' झाले. 'कॉमन' अशा नांवाचा स्क्रू तर सर्वांत फसवा. तो सर्वांचा सामायिक खरा, पण चोवीस व्होल्टचा कीं शून्याचा, हें तें नांव सांगत नाहीं. युरोपांत खूण पटविणारे सेन्सर बहुधा धन दाब आणून देतात. जपानी परंपरेंतले वाट शून्याकडे ओढतात. म्हणून कांहीं जपानी नियंत्रकांवर एस/एस हा स्क्रू मोकळा ठेवलेला असतो. तो चोवीसला जोडला तर एक रीत लागू होते, शून्याला जोडला तर दुसरी. मोटरची गति बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर तर जुन्या जर्मन वर्णमालेचें शेपूट पुन्हा भेटतें: आर, एस, टी हे वीज आंत येण्याचे आणि यू, व्ही, डब्ल्यू हे मोटरकडे जाण्याचे. आलेली वीज चुकून यू, व्ही, डब्ल्यूला जोडली तर तें महागडें यंत्र पहिल्याच क्षणीं निकामी होतें.

करार बदलण्याची किंमत काय असते, याचा दाखला इंग्लंडनें अलीकडेच दिला आहे. तेथें तांबडी, पिवळी, निळी या सजीव तारा आणि काळी ही न्यूट्रल, अशी रीत होती. आपल्याकडे तीच रुळलेली आहे. युरोपाशीं मेळ घालण्यासाठीं तेथें २००४ सालीं नवे रंग आले आणि ३१ मार्च २००६ नंतरच्या नव्या कामांत ते सक्तीचे झाले: तपकिरी, काळी, राखी या सजीव, आणि निळी न्यूट्रल. म्हणजे जी काळी काल निर्धोक समजली जाई ती आज प्राणघातक होऊं शकते, आणि कालची सजीव निळी आज न्यूट्रल झाली. जुन्या घराच्या भिंती फोडून सगळ्या तारा कोण बदलणार? म्हणून जेथें दोन्ही रंग एकत्र आले तेथें पेटीवर तशी सूचना चिकटविण्याचा नियम झाला.

यावरून एक गोष्ट दिसते. मानकें पुढें जातात, पण यंत्रें मागें राहतात. चांगली मोटर चाळीस-पन्नास वर्षें चालते. तेवढ्या अवधींत अक्षरांचे करार दोनदां बदलतात. म्हणून पाठांतरापेक्षां तपासणी बरी. अनुभवी कारागीर पेटीपुढें बसला कीं तीन प्रश्न विचारतो: हें यंत्र कोणत्या घराण्याचें? हा स्क्रू कोणत्या यंत्राच्या अंगावर आहे? आणि या पेटीचा स्वतःचा नकाशा काय म्हणतो? यानंतरहि तो वीज बंद करून मीटर लावतो. अक्षरावर त्याचा विश्वास असतो, पण तो पडताळून घेतलेला असतो.

त्या झांकणामागच्या कागदाकडे आतां जरा आदरानें पाहावें. कित्येकदां त्यावर एकाद्या जुन्या वायरमननें पेनानें एक रेघ खोडून शेजारीं नवा आंकडा लिहिलेला असतो, आणि खालीं तारीख टाकलेली असते. त्याला ठाऊक होतें कीं, आपल्यानंतर ही पेटी दुसरा कोणी तरी उघडणार. ज्या दिवशीं पेटी बदलेल किंवा रंगवाल, त्या दिवशीं तो कागद फेकूं नका; नवी दुरुस्ती झाली तर तीहि त्यावर लिहून घ्या.